बुटाची किंमत नक्की कोण ठरवतं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, पीएमपीएमएलमध्ये लटकत असाल किंवा घरी भांडी घासत असाल, तर काम चालू द्या. आज बोलायचंय बुटांबद्दल. आणि सुरुवात माझ्या मामापासून.

माझ्या मामांचं सांगलीत बुटांचं दुकान आहे. दोन शटरचं, फार मोठं नाही. एका बाजूला शाळेचे काळे बूट आणि चपला, दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात 'कंपनीचे' शूज. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे बसायचो. माझं काम एकच, शिडीवर चढून वरचे खोके काढून द्यायचे. खोक्यावरची साईज वाचायला मी तिथेच शिकलो.

इंजिनिअरिंगला असताना एकदा दिवाळीला सांगलीला गेलो, पायात नवे कोरे शूज. ऑनलाइन सेलमध्ये २,१९९ रुपयांना घेतलेले. मामांनी शूज बघितले, खाली वाकून सोल दाबून बघितला आणि विचारलं, "कितीला पडला?" मी अगदी अभिमानाने आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. कपाटातून तोच जोड काढला आणि त्याचं खरेदीचं बिल माझ्या हातात दिलं. बिलावरचा आकडा माझ्यापेक्षा जास्त होता. म्हणजे मी ज्या किमतीत तो बूट पायात घालून फिरत होतो, त्या किमतीत मामांना तो विकत सुद्धा मिळत नव्हता!

त्यानंतर दोनेक वर्षांत त्या काचेच्या कपाटातला ब्रँड गेला. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की आता किमान ऑर्डर वाढली आहे, आणि तुमच्या दुकानाचा आकार आमच्या नव्या धोरणात बसत नाही. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका ब्रँडचा नाहीच आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. बूट बनवला कंपनीने, विकत घेतला दुकानदाराने, विकला गिऱ्हाइकाला. मग शेवटची किंमत ठरवायचा हक्क कोणाचा? आमच्या कोडिंगच्या भाषेत विचारायचं तर, 'किंमत' हा व्हेरिएबल बदलायची परमिशन कोणाकडे आहे?

वाचत गेलो तर कळलं की या प्रश्नावर अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं भांडण चालू आहे, आणि त्यात बुटांचा नंबर बराच उशिरा लागतो. सुरुवात होते औषधाच्या बाटलीपासून.

छत आणि फरशी

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे 'किंमत ठरवणे' म्हटलं की डोळ्यासमोर एमआरपी येते. खोक्यावर छापलेली कमाल किंमत, सगळे कर धरून. दुकानदाराने त्यावर एक रुपया जास्त घेतला तर तक्रार करता येते. पण एमआरपी हे छत आहे. त्याच्या खाली कितीला विकायचं ते दुकानदाराच्या हातात. दहा टक्के सोडा, वीस टक्के सोडा, नाहीतर मोजे फुकट द्या.

आजची गोष्ट फरशीची आहे. कंपनी दुकानदाराला सांगते, "या किमतीच्या खाली विकायचं नाही." गिऱ्हाईक म्हणून ऐकलं की राग येतो ना? साहजिक आहे. पण जरा थांबा, कारण या गोष्टीत छोटे दुकानदार कधी एका बाजूला दिसतील, कधी दुसऱ्या.

१९११ ची बाटली

डॉ. माइल्स मेडिकल नावाची एक औषध कंपनी होती. तिने आपल्या घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांशी करार केले होते की आमची औषधं ठरलेल्या किमतीलाच विकायची. जॉन डी. पार्क अँड सन्स हे घाऊक व्यापारी काही ऐकेनात. ते कुठून तरी माल मिळवून स्वस्तात विकत. कंपनी कोर्टात गेली आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. १९११ मध्ये निकाल लागला आणि कंपनी हरली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं होतं की माल एकदा विकला, पैसे घेतले, की पुढे तो कितीला विकायचा हे सांगायचा हक्क तुमच्याकडे उरत नाही. किमान किंमत ठरवून घेणारा करार म्हणजे सरळ बेकायदा. कारण काय, परिणाम काय, हे बघायचीसुद्धा गरज नाही.

झालं, विषय संपला असं वाटेल. पण आठच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच कोर्टाने कोलगेटच्या प्रकरणात एक खिडकी उघडली. हो, तेच आपलं टूथपेस्टवालं कोलगेट. कोर्ट म्हणालं की कोणाला माल विकायचा आणि कोणाला नाही, हे ठरवायला कंपनी मोकळी आहे. कंपनी आधीच जाहीर करू शकते की अमुक किमतीखाली विकणाऱ्याला आम्ही माल देणार नाही. नंतर कोणी खाली विकलं तर ती गुपचूप माल बंद करू शकते.

फरक लक्षात येतोय का? दुकानदाराकडून 'हो, मी खाली विकणार नाही' असं वचन घेतलं तर तो करार झाला, म्हणजे बेकायदा. पण एकतर्फी जाहीर केलं आणि न बोलता माल थांबवला तर कायदेशीर. काचेच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या माणसाला या दोन्हीत काय फरक पडतो? कपाट दोन्हीकडे रिकामंच होतं. वकिलांसाठी मात्र या एका रेषेवर पुढची शंभर वर्षं गेली. ही कोलगेटची खिडकी लक्षात ठेवा, आपण परत तिथे येणार आहोत.

दुकानदारच म्हणाले, किंमत बांधा

आता गंमत बघा. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठमोठ्या साखळी दुकानांचा सुळसुळाट झाला होता. ते घाऊक माल उचलायचे आणि भाव पाडायचे. वर महामंदी. कोपऱ्यावरचा औषधवाला, छोटा दुकानदार पार चेपला गेला. मग या छोट्या लोकांनीच, त्यातही औषधविक्रेत्यांच्या संघटनेने सगळ्यात जोरात, सरकारकडे मागणी केली की कंपन्यांना किमान किंमत बांधायची परवानगी द्या. म्हणजे साखळीवाल्याला भाव पाडता येणार नाही आणि आम्ही तगू.

१९३१ मध्ये कॅलिफोर्नियाने असा कायदा केला. बघता बघता बहुतेक राज्यांनी केला. १९३७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने मिलर-टायडिंग्ज कायदा करून त्याला केंद्राची मान्यता दिली. या कायद्यांना नाव काय दिलं होतं माहितीये? 'फेअर ट्रेड'. आज कॉफीच्या पाकिटावर हे शब्द दिसतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही. इथे फेअर म्हणजे 'सगळीकडे एकच भाव'.

मला हे वाचून धक्का बसला. कारण माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता की किंमत बांधणारी कंपनी व्हिलन आणि छोटा दुकानदार बळी. इथे तर बळीच सांगतोय की बांधा म्हणून. आणि मग मला मामांचं वाक्य आठवलं. ऑनलाइनचा सपाटा सुरू झाला तेव्हा ते कंपनीच्या माणसाला हेच सांगत होते, "साहेब, त्यांना जरा आवरा. एकच भाव ठेवा, मग बघा आम्ही किती विकतो ते." १९३१ चा कॅलिफोर्नियातला औषधवाला आणि सांगलीतले माझे मामा एकच गोष्ट मागत होते.

हे कायदे पुढे ढासळले. १९५१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या श्वेगमन नावाच्या सुपरमार्केटने दारूच्या बाटल्या ठरलेल्या भावाखाली विकल्या आणि सुप्रीम कोर्टात केस जिंकली. ज्याने करारावर सही केलेली नाही त्याला बांधता येणार नाही, असा निकाल आला. त्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये मेसीज आणि त्याच्या प्रतिस्पर्धी दुकानांत भाव पाडायचं युद्ध पेटलं. १९५२ मध्ये संसदेने नवा कायदा करून भोक बुजवलं. पण गिऱ्हाइकांना जास्त पैसे पडतायत ही ओरड वाढत गेली. महागाईच्या काळात, १९७५ मध्ये, संसदेने हे केंद्राचे कायदेच रद्द केले. पुन्हा १९११ चा नियम चालू झाला. किमान किंमत बांधली की बेकायदा.

आता या रिकाम्या मैदानात स्नीकर येतो.

डिकीतून दुकानात

फिल नाइटने १९६४ मध्ये सुरू केलेली ब्लू रिबन स्पोर्ट्स, म्हणजे पुढची नाइकी, सुरुवातीला धावण्याच्या स्पर्धांच्या ठिकाणी गाडीच्या डिकीतून बूट विकत होती. बूट जपानी होते, ओनित्सुका टायगर, ज्याला आज आपण असिक्स म्हणतो. पुढे माल वाढला तसा दुकानांचा आधार लागला. धावपटूंनी चालवलेली छोटी दुकानं, गावातली खेळाच्या सामानाची दुकानं. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात फूट लॉकरचं पहिलं दुकान उघडलं आणि मॉलमध्ये फक्त स्पोर्ट्स शूज विकायचा धंदा उभा राहिला.

त्याच दशकात नाइकीने 'फ्युचर्स' नावाची पद्धत आणली. दुकानदाराने सुमारे सहा महिने आधी ऑर्डर द्यायची, ती रद्द करायची नाही, बदल्यात सवलत आणि माल मिळायची खात्री. कंपनीसाठी हे झकास होतं, कारण कारखान्याला किती जोड बनवायचे ते आधीच कळतं आणि विकले जाण्याची जोखीम दुकानदाराच्या डोक्यावर जाते. मोठ्या साखळीला ते परवडतं. पण छोट्या दुकानदाराला सहा महिन्यांनी पोरं काय घालतील याचा अंदाज आज बांधायचा असतो, तोही स्वतःच्या पैशावर.

मग १९८५ ला एअर जॉर्डन आला, ६५ डॉलरला. आता गिऱ्हाईक दुकानात येऊन 'धावायला बूट दाखवा' म्हणत नव्हतं, ते मॉडेलचं नाव घेऊन येत होतं. तो बूट तुमच्याकडे नसेल तर ते समोरच्या दुकानात जाणार. धंद्यातला तराजू इथे कंपनीच्या बाजूला झुकला. दुकानदाराला ब्रँडची गरज जास्त, ब्रँडला त्या एका दुकानाची कमी.

केड्स, रिबॉक, न्यू बॅलन्स

नव्वदच्या दशकात एकामागून एक तीन प्रकरणं झाली.

१९९३ मध्ये केड्स. कॅनव्हासच्या शूजसाठी प्रसिद्ध असलेली जुनी कंपनी. दुकानदारांना ठरलेल्या किमतीखाली विकू देत नाही, असा आरोप होता. अमेरिकेच्या राज्यांशी तडजोड झाली, ७२ लाख डॉलर.

१९९५ मध्ये रिबॉक. तेव्हा रिबॉक म्हणजे नाइकीशी टक्कर देणारं नाव. आरोप असा की रिबॉक आणि तिच्या मालकीच्या रॉकपोर्टने दुकानदारांना बजावलं, ठरलेल्या भावाखाली गेलात तर माल थांबेल. केंद्राचा फेडरल ट्रेड कमिशन आणि सगळी ५० राज्यं मिळून मागे लागली. ९५ लाख डॉलरवर मिटलं. कंपनीने चूक मान्य केली नाही, पैसे भरले.

१९९६ मध्ये न्यू बॅलन्स. तोच कमिशन, तशाच प्रकारचा आरोप, आणि पुन्हा असं करणार नाही असा लेखी आदेश.

तीन वर्षांत तीन बूट कंपन्या. योगायोग नाही हा. बुटाच्या धंद्यात असा मोह जास्त असतो, कारण बूट 'घालून बघावा' लागतो. कोणीतरी पायाचं माप घ्यायचं, चार खोके काढायचे, अंगठ्याजवळ दाबून बघायचं, रुंद पाय असेल तर दुसरं मॉडेल सुचवायचं. हे सगळं फुकट. गिऱ्हाईक हे सगळं एका दुकानात करून घेतं आणि विकत दुसऱ्या, स्वस्त दुकानात घेतं. मग पहिला दुकानदार माप का घेईल? कंपन्यांचा युक्तिवाद हाच होता की फरशी ठेवली तरच चांगली सेवा देणारी दुकानं टिकतील. सरकारचं म्हणणं, या नावाखाली तुम्ही प्रत्येक जोडामागे गिऱ्हाइकाच्या खिशातून जास्त काढताय.

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि म्हणूनच पुढचा निकाल इतका वादग्रस्त ठरला.

टेक्सासमधलं एक छोटं दुकान

टेक्सासमध्ये लुइसव्हिल नावाच्या गावात 'केज क्लॉझेट' नावाचं बायकांच्या वस्तूंचं दुकान होतं. त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा ब्रँड ब्रायटन. पट्टे, पर्स वगैरे. एके काळी दुकानाच्या नफ्यातला ४० ते ५० टक्के वाटा या एका ब्रँडचा होता. ब्रायटन बनवणाऱ्या लीजिन कंपनीने १९९७ मध्ये धोरण जाहीर केलं की सुचवलेल्या किमतीखाली विकणाऱ्याला माल नाही. आठवली का कोलगेटची खिडकी?

२००२ मध्ये कंपनीला कळलं की केज क्लॉझेट ब्रायटनचा माल २० टक्के कमी भावाने विकतंय. दुकानाचं म्हणणं, आजूबाजूचे पण कमी करतायत, आम्ही काय करू? कंपनीने सांगितलं बंद करा, दुकानाने नाही म्हटलं, कंपनीने माल बंद केला. दुकान कोर्टात गेलं आणि ज्युरीसमोर जिंकलं. कायद्यानुसार नुकसानभरपाई तिप्पट होऊन रक्कम जवळपास ४० लाख डॉलरपर्यंत गेली.

मग प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं. २००७ च्या जूनमध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, कोर्टाने १९११ चा नियमच मोडीत काढला. ९६ वर्षं जुना नियम! आता किमान किंमत बांधणं आपोआप बेकायदा नाही. प्रत्येक प्रकरणात बघायचं की स्पर्धेला खरंच धक्का बसला का. निकालाच्या बाजूचं मुख्य कारण तेच, सेवा देणाऱ्या दुकानावर फुकटेगिरी होऊ नये. विरोधी मताच्या न्यायमूर्तींनी याने गिऱ्हाइकांना जास्त किंमत मोजावी लागेल असं बजावलं. २००९ मध्ये मेरिलँड राज्याने स्वतःचा कायदा करून आपल्यापुरती जुनी बंदी कायम ठेवली.

विचित्र काय आहे बघा. निकालात 'चांगल्या दुकानाचं रक्षण' हा मुद्दा जिंकला, आणि ज्या खऱ्याखुऱ्या छोट्या दुकानाने केस लढवली ते हरलं. 'प्रत्येक प्रकरणात तपासून बघू' हे ऐकायला बरं वाटतं, पण तपासायला अर्थतज्ज्ञ लागतात, बाजाराचा डेटा लागतो, वर्षानुवर्षं वकील लागतात. दोन शटरचा दुकानदार हे कुठून आणणार?

किंमत सोडा, मालच देऊ नका

आणि इथून पुढे ब्रँड्सना कळलं की किमतीवर भांडायची गरजच नाही. माल कोणाला द्यायचा हे आपल्या हातात असेल तर किंमत आपोआप आपल्या हातात येते.

याची झलक २००२ मध्येच दिसली होती. फूट लॉकर ही तेव्हा नाइकीची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. अटी आणि महाग मॉडेल्सवरून दोघांचं बिनसलं आणि फूट लॉकरने ऑर्डर कमी केल्या. नाइकीने उलट सगळ्यात गाजणारी मॉडेल्स त्यांना देणं कमी केलं. पुढच्या वर्षी समेट झाला, पण सगळ्या धंद्याने बघितलं की मॉलमधली एवढी मोठी साखळीसुद्धा हलते.

२०१७ मध्ये नाइकीने उघडच सांगितलं. जगभर आमचे सुमारे ३०,००० विक्रेते आहेत, आता लक्ष ४० भागीदारांवर. बाकी आमची स्वतःची दुकानं, आमचं ॲप. २०१९ मध्ये ॲमेझॉनला थेट माल देणं बंद केलं. २०२० मध्ये झॅपोज, डिलार्ड्स, बेल्क, फिलाडेल्फियाची सिटी ब्लू, कनेटिकटची एबलेन्स अशा नऊ विक्रेत्यांची खाती बंद केल्याची बातमी आली. सिटी ब्लूसारखी दुकानं म्हणजे शहरातल्या जुन्या वस्त्यांमधली, जिथे स्नीकरची फॅशन मुळात वाढली.

ज्यांची खाती राहिली तेही सुखात नव्हते. २०२० मध्ये फूट लॉकरच्या एकूण खरेदीपैकी सुमारे ७५ टक्के एकट्या नाइकीची होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की वर्षाच्या शेवटी हा वाटा ५५ टक्क्यांच्या आसपास येईल. त्या एका दिवसात शेअर जवळपास ३० टक्के पडला. एकाच ब्रँडवर पाऊण धंदा उभा करण्याची ही किंमत.

यात कोणाला किमान किंमत सांगितली? कोणालाच नाही. कोणता करार मोडला? कोणताच नाही. आमच्या क्षेत्रात हे रोज होतं बरं का. तुम्ही दुसऱ्याच्या एपीआयवर आख्खा धंदा उभा करता आणि एक दिवस मेल येतो की तुमचा ॲक्सेस काढला आहे. नियम त्यांचे, सर्व्हर त्यांचा. दुकानदाराच्या बाबतीत फरक इतकाच की त्याच्या गोदामात सहा महिने आधी पैसे भरलेला माल पडून असतो.

जर्मनीने काय केलं

युरोपात गोष्ट थोडी वेगळ्या वळणाने गेली. तिथे किमान किंमत बांधणं अजूनही गंभीर गुन्हा मानतात. मग कंपन्यांनी दुसरी वाट शोधली. किमतीबद्दल काही बोलायचं नाही, फक्त दुकानदाराने ऑनलाइन कुठे दिसायचं ते ठरवायचं.

असिक्सने जर्मनीतल्या विक्रेत्यांना बंदी घातली होती की तुमचा माल किमतींची तुलना करणाऱ्या साइटवर दिसता कामा नये, आणि सर्च इंजिनच्या जाहिरातीत आमचं नाव वापरायचं नाही. २०१५ मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने हे बेकायदा ठरवलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. नियामकाचं म्हणणं मला फार पटलं. मोठ्या दुकानाला लोक नावाने शोधतात. छोट्या दुकानाला ऑनलाइन कोणी शोधत नाही, ते फक्त तुलनेच्या यादीत सापडतं. ती यादी बंद केली तर छोटं दुकान इंटरनेटवर असूनही नसल्यासारखं. आदिदासनेही २०१४ मध्ये चौकशी चालू असताना मार्केटप्लेसवर विकायची बंदी मागे घेतली होती.

म्हणजे प्रश्न फक्त 'कितीला' एवढाच नव्हता. 'कुठे दिसायचं' हा सुद्धा किमतीवर ताबा ठेवायचाच एक मार्ग होता.

आणि आपल्याकडे?

आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात याला थेट नाव आहे, पुनर्विक्री किमतीवर नियंत्रण. तेही आपोआप बेकायदा नाही, स्पर्धेवर परिणाम झाला का ते बघावं लागतं. बुटांचं गाजलेलं प्रकरण मला माहीत नाही असं म्हणण्यापेक्षा सरळ गाड्यांचं सांगतो, कारण त्यात आपला महाराष्ट्र आहे.

२०१७ मध्ये स्पर्धा आयोगाला एक निनावी ईमेल आला. लिहिणारा स्वतःला मारुतीचा डीलर म्हणवत होता. तक्रार होती मुंबईसह महाराष्ट्रातल्या विभागाची. ठरलेल्या ऑफरपेक्षा जास्त डिस्काउंट दिला तर कंपनी दंड लावते. चौकशीत आयोगाला दिसलं की कंपनीच्या बाजूने खोटी गिऱ्हाइकं शोरूममध्ये पाठवली जायची. ती डिस्काउंट मागायची, रेकॉर्डिंग करायची, आणि डीलरने जास्त सोडलं की त्याला पुराव्यासकट ईमेल यायचा. डीलरलाच नाही, तिथल्या सेल्समनलासुद्धा दंड. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला, आणि कंपनी अपिलात गेली. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला अशाच कारणासाठी ८७ कोटींचा दंड झाला होता, तो २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला.

मला त्यातलं 'निनावी' हे महत्त्वाचं वाटतं. लाखोंची गुंतवणूक असलेला गाडीचा डीलर नाव सांगून तक्रार करू शकला नाही. मग बुटांच्या दुकानदाराने कोणाच्या जिवावर करायची?

परतीचा रस्ता

नाइकीच्या गोष्टीचा शेवट अजून व्हायचाय. दुकानांच्या कपाटात जागा रिकामी झाली तिथे ऑन, होका यांसारखे नवे ब्रँड शिरले. २०२३ मध्ये नाइकी परत मेसीजमध्ये गेली. जून २०२४ मध्ये कंपनीने विक्रीबद्दल वाईट अंदाज दिला आणि एका दिवसात शेअर सुमारे २० टक्के कोसळला. ऑक्टोबरमध्ये सीईओ बदलला. नवे सीईओ एलियट हिल यांनी जुन्या विक्रेत्यांशी संबंध जोडायचं काम हाती घेतलं. २०२५ मध्ये ॲमेझॉनवरही परतायचं ठरलं.

म्हणजे दुकानं लागतात हे कळलं. पण परत कोणाकडे गेले? मेसीजकडे, ॲमेझॉनकडे. मोठी दुकानं वाट बघत थांबू शकतात. छोट्या दुकानाने त्या चार वर्षांत शटर पाडलं असेल तर आता त्याला फोन लावून उपयोग काय?

हे सगळं वाचून झाल्यावर माझं मत काय झालं? एक, कमी किंमत म्हणजे नेहमीच गिऱ्हाइकाचा फायदा, हे मी आता इतक्या खात्रीने म्हणत नाही. माझे २,१९९ चे शूज स्वस्त होते, पण माझ्या पायाचं माप मी मामांच्या दुकानात शिकलो होतो. दोन, कंपनीने बांधलेली फरशी दुकानदाराला वाचवेलच असंही नाही. फरशी ज्याच्या हातात, तो ती तुमच्या पायाखालून काढूही शकतो. कायदा शंभर वर्षं किमतीच्या आकड्याकडे बघत राहिला, आणि दुकानदाराचं जगणं-मरणं माल मिळण्यावर ठरत होतं.

या एपिसोडसाठी मी मागच्या महिन्यात मामांना फोन केला. ते आता शाळेचे बूट, चपला आणि दोन साधे देशी ब्रँड ठेवतात. जून महिना चांगला जातो म्हणाले, बाकी ठीक. मी विचारलं, "मामा, तुम्हीच तेव्हा म्हणायचात ना, कंपनीने एकच भाव बांधावा म्हणून? अजून तसंच वाटतं?"

ते जरा थांबले. मागे कोणीतरी आठ नंबर मागत होतं.

"भाव त्यांनी ठरवला तरी माझं काही म्हणणं नाही रे," ते म्हणाले. "मला नऊ टक्के सुटले असते तरी मी चालवलं असतं. पण माल पुढच्या वर्षी देणार का नाही, ते आधी सांगायला नको का? मी तेव्हा त्या कपाटासाठी कर्ज काढलं होतं." आणि मग, "थांब, गिऱ्हाईक आहे, नंतर करतो," म्हणून फोन ठेवला.

कर्जाचं मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात बुटांचं असं जुनं दुकान आहे का? तिथून शेवटचा जोड कधी घेतलात? व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि घरात कोणी दुकान चालवत असेल तर त्यांना एकदा विचारून बघा की कंपनीचा माणूस शेवटचा आला तेव्हा काय म्हणाला होता. भेटूया पंधरा दिवसांनी. काळजी घ्या.